शिलेदारीची आस : जुने रणगाडे आणि त्यांचे निवृत्त स्वार

शस्त्राचा इतिहास लिहिताना ते कोणी घडविले, कोणत्या लढाईत चालले आणि कोणाच्या हाती पडले, येथवर आपण येतो व थांबतो. लढाई संपल्यावर त्या शस्त्राचे काय झाले आणि ज्याने ते वर्षानुवर्षे वागविले त्या मनुष्याचे त्याच्याशी नाते पुढे कसे राहिले, हा विषय बहुधा बखरकारांनीही सोडला आणि संशोधकांनीही सोडला. प्रस्तुत लेखात या सुटलेल्या विषयाचा एक अर्वाचीन भाग विचारासाठी घेतला आहे.

इंग्लंड-अमेरिकेत एक चाल आहे. सैन्यातून निवृत्त झालेला मनुष्य सरकारने मोडीत काढलेली एखादी चिलखती गाडी लिलावात विकत घेतो, ती घरामागच्या छपरात आणून ठेवतो आणि पाच-दहा वर्षे खपून तिला पुन्हा चालती करतो. अमेरिकेत अशा वाहनधारकांची संस्था १९७६ सालापासून आहे. इंग्लंडात उन्हाळ्यात त्यांचे मेळे भरतात. वरवर पाहणाऱ्यास हे श्रीमंत देशांतील वेड वाटेल. तथापि ज्या गाडीत बसून तारुण्याची वर्षे घालविली, ती म्हातारपणी आपल्या मालकीची असावी, या इच्छेचे मूळ शोधू गेल्यास आपल्याच घोडदळाच्या दोन जुन्या शब्दांपाशी येऊन पोहोचावे लागते. ते शब्द म्हणजे शिलेदार आणि बारगीर.

शिलेदार हा शब्द फारसी ‘सिलाहदार’ याचा अपभ्रंश होय. सिलाह म्हणजे हत्यार. स्वतःचे हत्यार व स्वतःचा घोडा घेऊन जो चाकरीस येई तो शिलेदार. ज्यास घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. शिवछत्रपतींनी पागेवर व बारगिरांवर अधिक भिस्त ठेविली, हे सर्वश्रुत आहे. सभासदाने पागेची रचना दिली आहे. तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि त्यांच्यासाठी एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. महाराजांच्या या धोरणाचे कारण उघड आहे. शिलेदाराचा घोडा पडला की त्याची रोजीच बुडे; म्हणून तो घोडा जपून वापरी. पागेच्या घोड्यावरील बारगिरास ती चिंता नसे. राज्याच्या दृष्टीने बारगीर बरा. पण मनुष्याच्या दृष्टीने पाहिल्यास शिलेदाराच्या मानास तो कधी पोहोचला नाही. आजही मराठीत ‘शिलेदार’ म्हटले म्हणजे गौरव होतो. ‘बारगीर’ म्हणून कोणी कोणाचा गौरव केल्याचे ऐकिवात नाही.

इंग्रजांनी हिंदी घोडदळात हीच पद्धत ‘सिल्लेदारी’ या नावाने पुढे चालू ठेविली. नोकरीस लागणाऱ्या स्वाराने काही रक्कम भरावयाची, तिच्यातून घोडा व सरंजाम व्हावयाचा, आणि नोकरी सोडताना ती रक्कम त्यास परत मिळावयाची. पहिल्या महायुद्धात दूरदेशी हजारो घोडे मेले. त्यांची भरती या पद्धतीने होईना, म्हणून १९२१ च्या सुमारास घोडदळाची पुनर्रचना झाली तेव्हा ती बंद करण्यात आली. येणेप्रमाणे घोडदळातील सारेच स्वार एकदाचे बारगीर झाले.

पुढील पालट याहून मोठा होता. १९३८ साली सिंध हॉर्स या रिसाल्याचे घोडे काढून घेण्यात आले आणि त्याला हलके व्हिकर्स रणगाडे व शेव्हरले बनावटीच्या चिलखती मोटारी देण्यात आल्या. घोडा सोडून यंत्रावर आलेला हा पहिला हिंदी रिसाला. त्याच्या स्मरणार्थ १ मे हा दिवस भारतीय चिलखती दळात आजही पाळला जातो. घोडा गेला, पण भाषा गेली नाही. रणगाड्यातील साधा शिपाई आजही ‘सवार’ म्हणविला जातो. त्यावर दफेदार, आणि त्याहून वर रिसालदार. चाळीस टनांच्या लोखंडावर बसणाऱ्यास ‘सवार’ म्हणणे वरवर हास्यास्पद वाटते. पण नावांतून चालत आलेला संस्कार नवे यंत्र आले म्हणून पुसत नाही. घोड्यास नाव असे, तोफेसही असे. जंजिऱ्याची कलालबांगडी आणि दौलताबादची मेंढा तोफ कोणास ठाऊक नाही? तशीच रणगाड्यासही नावे देण्याची चाल पडली.

कोशकारांनीही या बाबतीत पूर्वीच वाट घालून दिली आहे. अमरकोशात रथाच्या रक्षणासाठी लाविलेल्या आवरणास ‘वरूथ’ म्हटले आहे, आणि सेनेस ‘वरूथिनी’ म्हणतात ते त्यावरूनच. म्हणजे ज्या वाहनास अंगावरच कवच आहे अशी कल्पना आपल्याकडे नवी नाही. नवे आहे ते इतकेच, की रथात रथी आणि सारथी असे दोघे असत. अनेक रणगाड्यांत चौघे असतात. एक नायक, एक तोफची, एक तोफ भरणारा, एक चालविणारा. चौघांचा श्वास एकाच हवेत, चौघांचे मरण एकाच दारूगोळ्याशेजारी. निवृत्त स्वारास जी ओढ लागते ती लोखंडाची म्हणून सांगितली जाते. आम्हांस ती या चौघांच्या संसाराची वाटते.

आता परदेशी धारक काय करतो ते पाहू, म्हणजे मालकीचा अर्थ कळेल. इंग्लंडात पुष्कळ खाजगी हातांत गेलेली एक चिलखती गाडी म्हणजे ‘फेरेट’. ही चार चाकांची, दोन माणसांची टेहळणीची गाडी १९५२ पासून १९७१ पर्यंत बनत होती आणि अशा ४,४०० हून अधिक गाड्या झाल्या. भारतीय सैन्यातही ती होती. तिचे वजन सुमारे चार टन, म्हणजे ती घराच्या अंगणात मावते. एंजिन रोल्स-रॉइसचे, सहा सिलिंडरांचे. तिचा गिअर आधी निवडून ठेवावयाचा आणि मग पायाने पट्टी दाबताच तो लागावयाचा. जितके गिअर पुढे तितकेच मागे, कारण टेहळणी करणाऱ्यास शत्रू दिसताच तोंड न फिरविता वेगाने मागे हटता आले पाहिजे. पट्टी दाबण्याचा हा डौल ज्याच्या पायात एकदा बसला, त्यास तो चाळीस वर्षांनीही आठवतो असे म्हणतात. पोहणे आणि सायकल यांविषयी आपलाही तसाच अनुभव आहे.

अशी गाडी जेव्हा कुंपणाच्या कडेला वीस वर्षे उभी असते, तेव्हा जाड चिलखतास फारसे काही होत नाही. नासतात त्या बारीक वस्तू. रबरी वेटोळी चिरतात, तेल झिरपते, पेट्रोलची टाकी आतून गंजते, तारांवरील आवरण भुसभुशीत होते, उंदीर घरटी करतात. पट्ट्यांवर चालणाऱ्या रणगाड्यात याखेरीज पट्ट्याच्या कड्या जोडणाऱ्या खिळ्यांची झीज असते. तोफ निकामी केल्याचा दाखला घ्यावा लागतो. सुट्या भागांसाठी दुसरी एक मेलेली गाडी घ्यावी लागते आणि तिचे अवयव पहिलीस लावावे लागतात. येथे आपल्या जीर्णोद्धाराच्या शास्त्रातील जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. देवळाचा दगड न् दगड बदलला तर ते देऊळ तेच राहिले काय? मूर्ती भंगली असता काय करावे, याचा विधी पुराणांत सांगितला आहे. यंत्रासाठी तसे शास्त्र कोणी लिहिलेले नाही, म्हणून जो तो आपल्या मतीप्रमाणे करतो.

या कामात एक गोष्ट संशोधकास विशेष उपयोगाची घडते. रंग खरवडताना एकाखाली एक थर निघतात. वरचा हिरवा, त्याखाली वाळवंटी पिवळा, त्याखाली पूर्वीच्या पलटणीची खूण वा क्रमांक. शेंदराचे कवच गळून पडल्यावर आतील मूर्तीचे मूळ रूप दिसावे तसा हा प्रकार आहे. जो धारक हे थर एक एक करून टिपून ठेवतो, तो त्या गाडीचे चरित्रच लिहितो. जो सारे घासून नवा चकचकीत रंग देतो, तो ताम्रपट वितळवून त्याचे भांडे करणाऱ्याच्या पंक्तीस बसतो.

इंग्लंडात सरकारी संग्रहालयाची कथाही बोधप्रद आहे. पहिल्या महायुद्धानंतर बोव्हिंग्टन येथे जुने रणगाडे एका मैदानात नुसते पडून होते. १९२३ साली कवी किपलिंग तेथे आला असता त्याने ते जतन करावे असे सुचविले, आणि १९४७ साली तो संग्रह लोकांसाठी खुला झाला. तेथील ‘टायगर १३१’ हा जर्मन रणगाडा १९४३ च्या एप्रिलात ट्युनिशियात पकडलेला. १९९० नंतर दशकाहून अधिक काळ त्याची दुरुस्ती चालली आणि तो पुन्हा स्वतःच्या बळावर चालू लागला.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे खाजगी मनुष्यास रणगाडा बाळगण्याची सोय नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे तोफा निषिद्ध शस्त्रांत मोडतात. निवृत्त सैनिकाची मालकीची हौस म्हणून चिलखत नसलेल्या वाहनांपाशीच थांबते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन जीपगाड्या लोकांच्या हाती आल्या. १९४७ पासून मुंबईस महिंद्रांनी जीपची जुळणी सुरू केली. पुढे जबलपूरच्या लष्करी कारखान्यात बनलेली ‘जोंगा’ लिलावात निघू लागली, तेव्हा ती हौसेने घेणारे निघाले. पण रणगाड्याच्या स्वाराने काय करावे? तो बारगीरच राहिला. त्याची पाग सरकारची, आणि आता त्या पागेचे दर्शन घ्यावयाचे तर त्यास नगरास जावे लागते.

अहमदनगर, ज्यास २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात, तेथे १९२४ साली इंग्रजांच्या रॉयल टँक कोअरची शाळा आली आणि १९४८ साली चिलखती दळाचे केंद्र व विद्यालय एकत्र होऊन तेथे स्थिर झाले. त्याच्या आश्रयाने फेब्रुवारी १९९४ मध्ये रणगाड्यांचे संग्रहालय उघडण्यात आले. झाडांच्या सावलीत ओळीने यंत्रे मांडली आहेत. रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटार, इंग्रजांचे मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन व चर्चिल, जपान्यांचे छोटेखानी रणगाडे, पाकिस्तानकडून पकडलेले पॅटन, आणि आपला ‘विजयंता’. पूना हॉर्सच्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांचा ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन रणगाडाही याच केंद्रात ठेविला आहे. खेतरपाल १९५० साली पुण्यास जन्मले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत त्यांचा रणगाडा पेटला असता बाहेर पडण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही, कारण तोफ अद्याप चालत होती. वय अवघे एकवीस. मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. याच पलटणीचे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर १९६५ च्या १६ सप्टेंबरास पडले. तेही परमवीरचक्राचे मानकरी आणि पुण्याच्या शाळेत शिकलेले.

काही वर्षांपूर्वी आम्ही माढे तालुक्यातील एका निवृत्त रिसालदारांसमवेत करमाळ्याच्या वाटेने नगरास गेलो होतो. त्यांनी विजयंता चालविला होता. हा रणगाडा १९६५ पासून मद्रासेजवळ आवडी येथे बनला आणि २००८ पर्यंत सेवेत राहिला. रिसालदार इतर रणगाड्यांपुढून भराभर चालत गेले आणि विजयंतापुढे थांबले. चालकाचे झाकण बंद होते. त्यावर त्यांनी तळहात ठेविला, बैलाच्या वशिंडावर शेतकरी ठेवतो तसा, आणि विचारले, “गुरुजी, आत एंजिन असेल का हो?” आम्हांस सांगता आले नाही. मग ते पाऊण तास बोलले. त्या एंजिनात एकेका नळकांड्यात समोरासमोर दोन दट्टे असतात. त्याचा नाद बिघडला की ते मोहरा न उघडता दोष ओळखीत. उन्हाळ्यात आत हात टेकवेना इतके लोखंड तापे. भरणारा पोरगा गाणी म्हणे आणि तोफची त्यास रागवे. “चौघांतले आम्ही दोघे उरलो,” ते म्हणाले. त्यांच्या देवघरात खंडेनवमीस त्या रणगाड्याच्या छायाचित्रास हळदकुंकू वाहिले जाई, हे आम्ही पूर्वी पाहिले होते. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

विकत मिळाला तर घ्याल काय, असे आम्ही सहज विचारले. “घेऊन ठेवू कुठं?” ते हसून म्हणाले. “एकदा आत बसू दिलं तर पुरे.” परत येताना आम्ही त्यांस म्हटले की, हे सर्व लिहून काढू, दिवाळी झाली की वही घेऊन येतो. दिवाळी गेली, संक्रांत गेली. लग्नसराई, आजार, आणखी काही कामे निघाली. उन्हाळ्यात आम्ही गेलो तेव्हा दाराशी त्यांच्या चिरंजिवांनी स्वागत केले. रिसालदार पंधरवड्यापूर्वी वारले होते. वही कोरीच परत आली. या चुकीचा दोष सर्वस्वी आमचा आहे, आणि हा लेख लिहिण्यास तीच कारण झाली आहे.

कारण सोलापूरकरांनी तरी हा विषय परका मानता कामा नये. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानावर जी मुख्य चढाई झाली ती सोलापुराहूनच. तिचे सूत्र मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या हाती होते, आणि ते स्वतः घोडदळाच्या पलटणीत वाढलेले. सोलापुरापासून सुमारे ४५ किलोमीटरवर नळदुर्ग. तेथील बोरी नदीवरील पूल शाबूत हाती आला, किल्ल्याजवळ झुंज झाली, आणि पहिल्या चिलखती ब्रिगेडचे रणगाडे सकाळीच जळकोटास व त्याच दिवशी उमरग्यास पोहोचले. १७ तारखेस निजामाने शस्त्रे खाली ठेविण्याचे जाहीर केले. १८ रोजी त्याचे सेनापती एल् एद्रूस शरण आले. तारापोर यांची सैन्यातील नोकरी याच निजामाच्या फौजेत सुरू झाली होती; संस्थान विलीन झाल्यावर ते भारतीय सैन्यात आले. महामार्गावरून आज हैदराबादेस जाणाऱ्या मोटारींतील किती जणांस हे ठाऊक असेल? ज्यांनी बालपणी तो रणगाड्यांचा ताफा पाहिला, ते आता ऐंशीच्या पलीकडे गेले आहेत.

शस्त्र राहिले आणि त्याची स्मृती विखुरली म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली नगरास ओतली गेली. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि तेथून १६३२ साली विजापुरास नेली. लांबी सुमारे १४ फूट, वजन ५५ टनांच्या आसपास. एवढी ही तोफ १८५४ साली निरुपयोगी सामान म्हणून इंग्रज अमलदारांनी विक्रीस काढिली, आणि तिच्यावर बोली आली ती अवघी दीडशे रुपयांची! किंमत फार कमी आणि लोकांची तिच्यावर श्रद्धा, म्हणून विक्री रहित झाली. तोफ वाचली. ओतणाऱ्या रूमी उस्तादाचे नाव तिच्यावर कोरलेले असल्याने तेही राहिले. पण तिच्यात दारू ठासणारे, ती परंड्याहून ओढून नेणारे, तिच्या आवाजाने बहिरे झालेले गोलंदाज कोण, याचा एक कागद आपणांस मिळत नाही. लोखंड वा पंचधातू चारशे वर्षे टिकते. मनुष्याची आठवण एका पिढीत जाते.

म्हणून आमची विनंती थोडकी आहे. ज्यांच्या गावात चिलखती दळातील कोणी निवृत्त स्वार असेल, त्यांनी त्याच्यापाशी बसून पुढील गोष्टी टिपून घ्याव्यात. कोणती पलटण, कोणता रणगाडा, त्याचे नाव व क्रमांक काय. आत कोण कोठे बसे. चौघांची नावे व गावे. काय बिघडे आणि ते कसे सावरीत. काय खात, कोठे निजत. रणगाडा काढून घेतला त्या दिवशी काय झाले. शौर्याच्या कथा शेवटी विचाराव्या, आधी यंत्राच्या विचाराव्या. हात यंत्राविषयी बोलू लागला म्हणजे मनही आपोआप बोलते. लष्करी गुप्ततेत मोडेल ते अर्थातच विचारू नये. शक्य झाल्यास त्यास एकदा नगरास न्यावे. त्याच्या मुखातून जे निघेल ते संग्रहालयाच्या पाटीवर लिहिलेले नसते.

शिलेदारास घोडा स्वतःचा असे, बारगिरास तो सरकारचा. पण सरकारच्या घोड्यावर बसूनही त्याची नस जाणणारा स्वार त्याचा खरा धनी होता, हे कोणी नाकारणार नाही. मालकीचा दाखला आपल्या निवृत्त स्वारांस देणे कोणाच्या हाती नाही. त्यांची जाणीव त्यांच्या नावाने लिहून ठेवणे मात्र आपल्या हाती आहे, आणि त्यास लिलावात उतरावे लागत नाही. वही लागते, आणि वेळेवर जावे लागते.